बिशपचं कडं

२४ फेब्रुवारी, मंगळवार

पाच वाजले आणि पाय आपोआप त्यांच्या खोलीकडे वळले. दार उघडलं. गादी गुंडाळलेली, खिडकी सताड उघडी. मग आठवलं.

सासऱ्यांना जाऊन आज पंधरा दिवस झाले. दोन वर्षं रोज पाच वाजता मी त्यांना कुशीवर वळवायचो, पाठ पुसायचो, उशा लावून बसवायचो आणि गच्चीवरच्या ढाबळीतून कबुतर आणून त्यांच्या छातीवर ठेवायचो. आता पाच वाजता करायचं काय?

फुएनसांता म्हणाली, फिरून ये जरा, घरात भिंतीसारखा उभा राहू नकोस. बाप तिचा गेलाय. रडायला हवं तिने. ती कपाट आवरत होती.

फिरून आलो. पूल, चौक, चर्च, परत घर. गुडघे दुखतात. दिवसभर दफनभूमीत विटा उचलायच्या आणि संध्याकाळी पुन्हा चालायचं! पण बसून राहिलं की त्याहून जास्त थकायला होतं. प्रार्थनेला बसलो तर डोळा लागला. देवा, माफ कर.

२५ फेब्रुवारी, बुधवार

आज कालव्याच्या कडेने गेलो. संत्र्यांना अजून फूल नाही, कळ्या आहेत.

बेकरीवालीने थांबवलं. दुखवट्याचं बोलून झालं आणि मग तिला हसूच आवरेना. सासरे, सातुर्नीनो, पाव घ्यायला यायचे पण पावाकडे कधी बघायचे नाहीत. मान वर, डोळे आभाळात, आणि रंगाने माखलेला अंगठा तिच्या पिठाच्या परातीत. "गिऱ्हाइकं विचारायची, आज कुठला सण आहे? पाव हिरवा कसा?"

खरंच, त्या माणसाची बोटं मी कधी स्वच्छ पाहिली नाहीत. लाल, हिरवा, पिवळा. आपल्या कबुतरांच्या पंखांवर ते हेच तीन रंग लावायचे. लाल पंख, हिरवी टोकं, मध्ये पिवळा पट्टा. गावात चाळीस ढाबळी असतील, प्रत्येकाचे रंग वेगळे, मंडळाच्या वहीत नोंदलेले. आभाळात ठिपका दिसला तरी पोरंसुद्धा सांगतात कोणाचा ते.

आमच्या लग्नातही ते अंगठा न धुता आले. मुलीचा हात माझ्या हातात देताना तिच्या पांढऱ्या बाहीवर हिरवा डाग उमटला. माझी आई पांढरीफटक पडली. फुएनसांताने तो डाग आजतागायत धुतलेला नाही.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

पुलावर पास्कुआल भेटला. कबुतर मंडळाचा अध्यक्ष, सासऱ्यांचा पन्नास वर्षांचा दोस्त आणि तेवढ्याच वर्षांचा प्रतिस्पर्धी. माझ्या खांद्यावर हात ठेवला. मग म्हणाला, सेंट जोसेफच्या दिवशी, एकोणीस मार्चला, मंडळ निनोच्या, म्हणजे सासऱ्यांच्या, नावाने एक उड्डाण ठेवतंय. एरवी एका मादीमागे गावभरचे नर सोडतात; त्या दिवशी इतर सगळ्यांचे नर खुराड्यात बंद. आभाळात फक्त एक मादी आणि निनोचा पक्षी. सगळं गाव चौकात उभं राहील.

"तू घेऊन येशील ना? तुझ्याच हातून सोडू."

मी हो म्हणालो.

का म्हणालो? दमलो होतो म्हणून. नाही म्हणायला कारण द्यावं लागतं. हो म्हटलं की माणूस पुढे चालू लागतो. बस, एवढंच.

घरी येऊन जेवलो नाही. फुएनसांताने विचारलं काय झालं. गुडघा, म्हणालो. आणखी एक खोटं!

१ मार्च, रविवार

मिस्सा झाली. आमचे पाद्री डॉन हेनारो, त्यांनी प्रवचनात सांगितलं की उपासाच्या काळात पोटापेक्षा जीभ रिकामी ठेवा. मी मान खाली घातली.

लिहूनच टाकतो. या वहीला तरी.

बिशप मेला आहे. नोव्हेंबरच्या अठ्ठावीस तारखेला मेला. माझ्यामुळे मेला.

सासरे आपल्या कबुतरांना चर्चमधली नावं ठेवायचे. मला डिवचायला नव्हे, मी जावई होण्याच्या कितीतरी आधीपासून. एक कॅनन होता, दोन कार्डिनल झाले, एक सॅक्रिस्टन होता तो कायम दारूच्या गुत्त्यावर जाऊन बसायचा. आणि शेवटचा हा बिशप. सात वर्षांत तीनदा जिल्ह्याचा कप. सासरे अंथरुणाला खिळले तेव्हा डॉक्टरांना म्हणाले होते, "माझं राहू द्या, बिशपचं औषध आधी लिहून द्या."

नोव्हेंबर म्हणजे आमचा कामाचा महिना. सगळं गाव आपापल्या मेलेल्यांना भेटायला येतं, त्याआधी चुना, त्यानंतर झाडलोट. त्या आठवड्यात वर चार दफनं. आणि घरी सासऱ्यांचा खोकला, तीन रात्री मी त्यांना मांडीवर टेकवून बसलो होतो. त्या दिवशी संध्याकाळी नेहमीसारखा बिशपला उडवला. तो परत येईस्तोवर गच्चीवर थांबायचं, दाण्यांचा डबा वाजवायचा, एवढंच काम. पाण्याच्या टाकीला पाठ टेकली. पाच मिनिटं डोळे मिटू म्हटलं.

उघडले तेव्हा आभाळ रिकामं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चर्चच्या गच्चीवर सापडला. तिथली किल्ली माझ्याकडे असते, मनोऱ्याला चुना मीच देतो. ससाणा राहतो तिथे. लाल पिसं, हिरवी पिसं, आणि एक पाय. पायात कडं. पिल्लू सात दिवसांचं असताना घातलेलं असतं ते, मग आयुष्यभर निघत नाही. त्यावर त्याचा आकडा.

सासऱ्यांना सांगितलं असतं तर म्हणाले असते, शेवटी तुमच्याच लोकांनी खाल्ला ना!

पण नाही सांगितलं.

३ मार्च, मंगळवार

पाऊस. फिरलो नाही. आज तर उभंही राहवत नाही.

४ मार्च, बुधवार

पुढचं राहिलं होतं.

ढाबळीत बिशपच्याच अंगलटीचा एक राखाडी नर होता. दोन वर्षांचा, बुजरा. सासऱ्यांनी त्याला बाद केला होता. म्हणायचे, "हा नर नव्हे, हा भाडेकरू आहे. मादी उडाली की हा विचारतो, जेवण किती वाजता?" नावसुद्धा ठेवलं नव्हतं त्याला.

मी त्याला रंगवलं. त्यांच्याच बाटल्या, त्यांचाच कुंचला. पिवळा पट्टा जाड आला. पाच वाजता नेऊन त्यांच्या छातीवर ठेवला. त्यांची नजर अधू झाली होती, पण हात शाबूत. त्यांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला, पोटाखाली बोटं घालून तोलला.

"हलका झालाय बिशप."

"थंडी आहे," मी म्हणालो.

"उपास धरला असेल. बिशपच तो."

बस. तिथून सुरू झालं. सत्तरच्या वर दिवस. रोज पाच वाजता. बिशप कसा आहे? मजेत. किती वेळ उडाला आज? दोन तास. कुणाच्या मादीमागे? पास्कुआलच्या. ऐकून ते डोळे मिटून हसायचे. रोज एक खोटं आणि रोज रात्री झोपताना देवाची माफी, आणि दुसऱ्या दिवशी पाच वाजता परत तेच.

आता त्याच पक्ष्याला गावासमोर सोडायचं! तो उडणार नाही. उडाला तर मादीकडे जाणार नाही. आणि त्याही आधी रोके त्याच्या कड्याचा आकडा वाचणार. रोके मंडळाचा परीक्षक आहे, आपल्या सख्ख्या भावाच्या पक्ष्याचा आकडासुद्धा तो दोनदा वाचतो.

गावाचं मी सोसेन. फुएनसांताला कसं सांगू? तिचा बाप दोन वर्षं त्या एका पक्ष्यावर जगला. आणि शेवटचे सत्तर दिवस मी त्याला फसवलं.

६ मार्च, शुक्रवार

रोज वाट बदलतो आणि रोज त्यांच्याच कुठल्यातरी जागेवर येऊन पोचतो. या गावात त्यांनी डोकं वर करून ठेच खाल्ली नाही असा दगड नाही.

आज चर्चसमोरच्या चौकात. नऊ वर्षं झाली असतील. खरे बिशप गावात आले होते. छत्र धरलेलं, बँड, सगळं गाव गुडघ्यावर. आणि कोणाची तरी मादी, शेपटीला पांढरं पीस बांधलेली, येऊन बसली थेट छत्रावर! मागोमाग अकरा रंगीत नर. बँड थांबला. आणि बाल्कनीतून माझ्या सासऱ्यांचा आवाज, "कोणी हलू नका! बिशपला बाई सापडली आहे!"

(तेव्हा त्यांच्याकडे आणखी एक बिशप होता, याच्या आधीचा.)

मी छत्राचा एक खांब धरून उभा. धरणीने पोटात घेतलं तर बरं असं झालं. पण बिशपांनी वर पाहिलं, सावकाश म्हणाले, "माझ्यापेक्षा कपडे चांगले आहेत त्याचे." आणि मिरवणूक तशीच थांबून राहिली, मादी उडेपर्यंत.

आज तिथे उभं राहून हसू आलं. महिनाभरात पहिल्यांदा. मग लगेच दमल्यासारखं झालं.

८ मार्च, रविवार

मिस्सेनंतर डॉन हेनारोंकडे गेलो. ऐंशी वर्षांचे आहेत, अर्धं ऐकू येत नाही, उरलेलं बरोबर ऐकतात.

सगळं सांगितलं.

त्यांनी विचारलं, "खोटं कोणाशी बोललास?"

"मेलेल्या माणसाशी."

"त्याला तर आता सगळंच कळलं असेल. जिवंतांना सांग."

"बायकोला?"

"तिलाच. तिला सांगितलं असतंस तर मला आपोआप कळलं असतं. इथे यायची घाई नव्हती."

प्रायश्चित्त म्हणून काही प्रार्थना देतील असं वाटलं होतं. काहीच दिलं नाही. जाताना म्हणाले, "सातुर्नीनो दर नाताळला मला एक रंगीत पीस आणून द्यायचा. पुस्तकात खूण म्हणून घाल म्हणायचा, नाहीतर एकच पान परत परत वाचत बसशील. तोच वाचायचा नाही कधी."

११ मार्च, बुधवार

जेवताना सांगायला सुरुवात केली. नवी वालाची शेंग आली आहे, मीठ लावून कच्च्याच खात होतो. म्हणालो, फुएनसांता, बिशपचं एक...

"आधी जेव," ती म्हणाली.

जेवलो. मग ती शेंगांची सालं घेऊन उठली, ती गच्चीवर पक्ष्यांना पाणी द्यायला. आली तेव्हा मी खुर्चीतच झोपलो होतो म्हणे. अंगावर शाल होती.

१३ मार्च, शुक्रवार

आज परत सांगायचं ठरवलं. परत नाही जमलं. कपडे घड्या करत होती. सासऱ्यांची ती शेवटची चादर हातात घेऊन बसली होती, जिच्यावर हिरवा डाग आहे. दोन फेब्रुवारीला मी मेणबत्त्यांच्या मिस्सेहून परतलो तेव्हा तो पडलेला दिसला होता. रंगाची बाटली त्यांच्या हाताशी का ठेवलीस म्हणून मी रागावलोही होतो. ती बाटली उचलून आत गेली होती. आजही तिने ती चादर न धुता घडी करून ठेवली.

त्या डागाकडे बघत ही गोष्ट कशी सांगायची?

१५ मार्च, रविवार

संत्र्यांना फूल आलं. रस्ताभर वास. लोकांना आवडतो, मला डोकेदुखी होते.

फिरत फिरत नदीपलीकडे गेलो, त्यांच्या जुन्या घरापाशी. आता तिथे दुसरे लोक राहतात. पण गच्ची तीच. त्या गच्चीवर त्यांनी मला पहिल्यांदा नेलं, चोवीस वर्षांपूर्वी, मी मुलगी मागायला गेलो तेव्हा. आईने इस्त्री केलेला सदरा, हातात बदामाच्या मिठाईचं खोकं. त्यांनी खोकं बघितलंही नाही. वर चल म्हणाले.

दोन तास आम्ही उभे. मादी सोडलेली, तिच्यामागे वीसेक नर. मला त्यातलं काही कळत नव्हतं, आमच्या गावात कबुतर म्हणजे रस्सा. शेवटी त्यांनी सांगितलं, यात झडप घालणाऱ्याला काही मिळत नाही. जिंकायचं म्हणजे तिला पकडायचं नाही. परीक्षक मिनिटं मोजतो. तिच्याजवळ किती वेळ राहिला, एवढंच. ती झाडात शिरली तर झाडात, ती पत्र्यावर बसली तर पत्र्यावर. देखणे असतात ते आधी दमतात, भांडखोर असतात ते वाट चुकतात.

मग विचारलं, "यातला तू कोणता?"

मी म्हणालो, मला माहीत नाही.

खाली येऊन त्यांनी मुलीला सांगितलं, माझ्यादेखत, जणू मी तिथे नव्हतोच, "घे हा. रंग काही नाही याला. पण उडून जायचा नाही."

त्या दिवसापासून मी जावई. एलादिओ हे नाव त्यांनी एकदाही घेतलं नाही. जावई, पाणी. जावई, वळव. जावई, आज कोण मेलं? चार माणसांत ओळख करून देतानासुद्धा, हा जावई, दफनभूमीत असतो, तुम्हीही येताल तेव्हा भेटेल. सुरुवातीला राग यायचा. मग यायचा बंद झाला. मग ऐकू यायचंही बंद झालं.

आता ऐकू येतं.

१७ मार्च, मंगळवार

त्यांचा संगमरवर आला.

त्यांना मीच बंद केलं होतं. भिंतीतल्या तिसऱ्या रांगेतला कोनाडा. पेटी आत गेली, मी विटा लावल्या, वर गिलावा केला, सगळे मागे उभे. दगड येईपर्यंत ओल्या गिलाव्यातच नाव कोरतात. मी थापीच्या टोकाने कोरलं. आणि ते करताना, मागे कोणाला दिसलं नाही, खिशातलं बिशपचं कडं त्या ओल्या गिलाव्यात दाबून वर थापी फिरवली.

वाटलं होतं, त्यांचं त्यांना परत केलं. आता वाटतं, पुरावा लपवला.

आज दगड बसवायच्या आधी हातोडी घेऊन उभा राहिलो. एक टोला मारला असता तर कडं बाहेर आलं असतं. ते घेऊन मंडळात गेलो असतो, टेबलावर ठेवलं असतं, काही बोलावंच लागलं नसतं. एकदा दगड लागला की मग नाही.

हातोडी खाली ठेवली. त्यांच्या हातातून ते काढून घेतल्यासारखं झालं असतं. बोलायचं तर तोंडानेच बोललं पाहिजे.

दगडावर नाव, तारखा आणि खाली तीन रेघा, लाल, हिरवी, पिवळी. फुएनसांताने कारागिराला स्वतः रंग दाखवून करून घेतल्या आहेत. मला माहीतही नव्हतं. सगळी भिंत पांढरी आणि मध्ये हे!

दगड पाणसळीत बसला. एवढं तरी.

१८ मार्च, बुधवार

कामावरून लवकर आलो. फिरायला गेलो नाही, सरळ गच्चीवर. कोमट पाणी आणि साबण घेऊन त्या पक्ष्याला मांडीत धरलं. मेलेल्याचे कपडे घालून त्याला गावासमोर उभं करायचं नाही, एवढंच ठरवलं होतं. निदान राखाडीचा राखाडी तरी जाऊ दे.

रंग निघेना. दोनदा फेस केला, लाल थोडा फिकटला. तो बिचारा धडपडलाही नाही. हाताखाली त्याचं काळीज वाजत होतं.

फुएनसांता वर आली. जिन्यातच थांबली.

"काय चाललंय?"

"हा बिशप नाही," मी म्हणालो.

आणि सगळं बाहेर आलं. पाण्याची टाकी, डोळा लागला, मनोरा, पाय, कडं, कुंचला, थंडी आहे म्हणालो ते, सत्तर दिवस, ओला गिलावा. मान वर करून बोलताच येईना, पक्ष्याशीच बोलत राहिलो. संपलं तेव्हा पाणी गार झालं होतं.

ती जवळ आली. माझ्या हातातून पक्षी घेतला, पदरासारखं एप्रन वर करून त्यात गुंडाळला, एकेक पीस टिपू लागली.

"एवढे दिवस लागले तुला?"

एवढंच बोलली. ओरडली असती तर बरं झालं असतं. रडली असती तरी. मग म्हणाली, उद्या नऊला निघायचंय, सदरा इस्त्री करून ठेवलाय. आणि पक्ष्याला ढाबळीत ठेवून खाली गेली.

मी अजून वरच आहे. उजेड आहे तोवर लिहून घेतो. उद्या रोकेने आकडा वाचायच्या आधी मीच बोलणार. चौकात, सगळ्यांसमोर. नंतर ती माझ्याशी बोलो न बोलो. थकलोय फार. पण हे ओझं आता खांद्यावर नाही, हातात आहे. हातातलं खाली ठेवता येतं.

सेंट जोसेफ, तू फार बोलणारा नव्हतास. उद्या मला चार वाक्यं दे.

१९ मार्च, गुरुवार

चौक भरलेला. मी पक्षी टेबलावर धरला, म्हणालो, रोके, आधी मला काही सांगायचंय. त्याने हातानेच थांबवलं. नियम म्हणजे नियम, आधी आकडा. दोनदा वाचला. खोक्यातून कार्ड काढलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचून दाखवलं. मालक, सातुर्नीनो. रंग, लाल, हिरवा, पिवळा. नोंद, दोन फेब्रुवारी. पक्ष्याचं नाव, जावई.

गाव हसलं. पास्कुआल डोळे पुसत होता.

रोकेने कार्ड माझ्यापुढे सरकवलं. सहीच्या जागी हिरवा अंगठा. बाकी सगळं अक्षर फुएनसांताचं.